पाचक विकरे आणि ग्रहणी व्रण

ग्रहणी व्रण हा लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, म्हणजे ग्रहणीत, होणारा व्रण आहे. ग्रहणीला आद्यांत्र असेही म्हणतात. जठर आणि ग्रहणी या दोन्ही ठिकाणच्या व्रणांना मिळून ‘पचनज व्रण’ हे नाव आहे आणि त्या नावातच रोगाची एक उपपत्ती दडलेली आहे: अन्न पचवणारा रस शरीराच्या स्वतःच्याच भिंतीला पचवू लागला की हा व्रण होतो. त्या रसातील मुख्य घटक दोन, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सीन हे विकर. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारे प्रथिन. यालाच एंझाइम म्हणतात. १९८०च्या दशकात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध लागल्यानंतर या रोगाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तरीही विकरांचा प्रश्न संपला नाही. उलट जिवाणूबरोबर युरिएज हे आणखी एक विकर चर्चेत आले. या विषयावरील भारतीय संशोधनात मुंबई येथे पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय विभागात झालेल्या अभ्यासाला वेगळे स्थान आहे.

नाव आणि जुने उल्लेख

‘ग्रहणी’ हा शब्द आयुर्वेदातून आला. अन्न धरून ठेवणारी आणि पचल्यावर पुढे सोडणारी ती ग्रहणी, असे तिचे वर्णन असून तिला अग्नीचे अधिष्ठान मानले आहे. जठरातून आलेल्या अर्धवट पचलेल्या अन्नात स्वादुपिंडाचा रस आणि पित्त नेमके ग्रहणीतच मिसळतात, हे आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही सांगते. आयुर्वेदातील ‘ग्रहणी’ नावाचा रोग मात्र निराळा आहे. तो प्रामुख्याने मलप्रवृत्तीच्या बिघाडाचा रोग असून त्याचा ग्रहणी व्रणाशी घोटाळा करू नये.

व्रणाच्या वेदनेशी जुळणारे वर्णन ‘माधवनिदान’ या ग्रंथात शूलरोगाच्या प्रकरणात आढळते. तेथे परिणामशूल आणि अन्नद्रवशूल असे दोन प्रकार सांगितले आहेत. परिणाम म्हणजे अन्नाचे पचन. अन्न पचत येण्याच्या वेळी उठणारा तो परिणामशूल, आणि अनेक आधुनिक वैद्य त्याची तुलना ग्रहणी व्रणाशी करतात. ग्रहणी व्रणाचे दुखणे जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री उपाशीपोटी सुरू होते आणि काही खाल्ले की थांबते, ही त्याची ठळक खूण मानली जाते. ही तुलना लक्षणांपुरतीच खरी धरावी. प्राचीन वैद्याला ग्रहणीच्या आतील भिंत दिसत नव्हती, त्यामुळे त्याच्या वर्गीकरणात व्रण नसलेले रुग्णही असणारच.

पाचक विकरांचा शोध

पोटात अन्न दळले जाते की कुजते की विरघळते, हा वाद अठराव्या शतकापर्यंत चालू होता. तो सुटण्यास एका अपघाताने मदत केली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, परंतु त्याच्या जठराला बाहेर उघडणारे भोक कायम राहिले. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी पुढे अनेक वर्षे त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून पाहिले, रस बाहेर काढून काचपात्रात मांस पचवून पाहिले आणि १८३३ साली ही निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. गरीब, निरक्षर सेंट मार्टिनला यात किती इच्छास्वातंत्र्य होते, हा प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात आजही विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे.

जठररसातील आम्ल हायड्रोक्लोरिक आहे, हे लंडनमधील विल्यम प्राउट यांनी १८२०च्या दशकात दाखवले होते. पण निव्वळ आम्लाने मांस तसे पचत नाही. रसात आणखी काहीतरी आहे, हे ओळखून जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी १८३६ साली त्या द्रव्याला पेप्सीन हे नाव दिले. पचन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते बनवलेले आहे. ‘एंझाइम’ ही संज्ञा त्यानंतर चाळीस वर्षांनी विल्हेल्म क्यूने यांनी सुचवली आणि स्वादुपिंडाच्या रसातील प्रथिनपाचक विकराला ट्रिप्सीन हे नावही त्यांनीच दिले. पुढे इव्हान पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून पाचकरसांचे चेतासंस्थेकडून होणारे नियंत्रण उलगडले. १९०४चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठी मिळाले, घंटा आणि लाळेच्या प्रसिद्ध प्रयोगांसाठी नव्हे.

विकर हे प्रथिन असते का, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीव्र मतभेद होते. १९२६ साली जेम्स सम्नर यांनी युरिएज स्फटिकरूपात मिळवून ते प्रथिन असल्याचे दाखवले आणि १९३०च्या सुमारास जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सीनचे स्फटिक मिळवले. १९४६ साली या दोघांना वेंडेल स्टॅन्ली यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्फटिकरूपात मिळालेल्या या पहिल्यावहिल्या विकरांपैकी दोन्ही, म्हणजे युरिएज आणि पेप्सीन, पुढे ग्रहणी व्रणाच्या कथेतील प्रमुख पात्रे ठरावीत, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण योगायोग आहे.

जठर स्वतःला का पचवत नाही?

मृत्यूनंतर जठराची भिंत कधीकधी आपल्याच रसाने विरघळते, हे स्कॉटिश शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७७२ साली नोंदवले. मग जिवंतपणी ती का विरघळत नाही? जिवंत ऊतींत काही ‘प्राणशक्ती’ असते आणि ती पचनाला विरोध करते, असे उत्तर त्या काळी दिले जाई. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी जिवंत बेडकाचे पाय कुत्र्याच्या जठरात छिद्रावाटे सोडून ठेवले. पाय पचले, बेडूक जिवंत असतानाच. प्राणशक्तीच्या उत्तरातील हवा त्याबरोबर निघून गेली. संरक्षण जिवंतपणात नसून जठराच्या विशिष्ट रचनेत असले पाहिजे, असा त्याचा अर्थ होता.

ही रचना आज बऱ्याच तपशिलाने माहीत आहे. जठराच्या प्रमुख पेशी पेप्सीन थेट तयार करीत नाहीत. त्या पेप्सिनोजेन हे निष्क्रिय रूप बाहेर टाकतात. आम्लाच्या सान्निध्यात पेप्सिनोजेनचा एक तुकडा तुटून सक्रिय पेप्सीन बनते आणि बनलेले पेप्सीन उरलेल्या पेप्सिनोजेनलाही सक्रिय करते. सामू २ च्या आसपास असताना पेप्सीन सर्वांत जोमाने काम करते, ४ च्या पुढे त्याचा जोर फार कमी होतो, आणि ग्रहणीतील अल्कधर्मी रसात ते कायमचे निकामी होते. जठराच्या आतील श्लेष्मकलेवर चिकट श्लेष्म्याचा थर असतो व त्या थरात पेशींनी सोडलेले बायकार्बोनेट साठलेले असते. थराच्या पोकळीकडील बाजूला तीव्र आम्ल असले तरी पेशींच्या लगत सामू जवळजवळ उदासीन राहतो. पेप्सीनचा रेणू मोठा असल्याने तो या थरातून सहज आत शिरू शकत नाही. थराच्या पृष्ठभागावरील श्लेष्म्याचे विघटन मात्र तो सतत करीत असतो आणि खालच्या पेशी नवा श्लेष्मा सतत पुरवीत असतात. या झीज आणि भरपाईच्या हिशोबावर भिंतीचे आरोग्य अवलंबून असते.

ग्रहणीचा प्रश्न जठरापेक्षा अवघड आहे. जठरातून येणारा आम्लयुक्त काला सर्वप्रथम तिच्या पहिल्या दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या, कंदासारख्या फुगीर भागात पडतो. स्वादुपिंडाचा रस आणि पित्त मात्र त्याच्या बरेच पुढे, ग्रहणीच्या दुसऱ्या भागात येऊन मिळतात. म्हणजे आम्ल शमवणारी मुख्य फौज येण्याआधी या कंदाला स्वतःच्या बळावर टिकून राहावे लागते. बहुतेक ग्रहणी व्रण येथेच होतात, यात आश्चर्य नाही. कंदाच्या भिंतीतील ब्रुनर ग्रंथी अल्कधर्मी श्लेष्मा सोडतात आणि भिंतीच्या पेशीही बायकार्बोनेट सोडतात. १९८७ साली आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ग्रहणी व्रणाच्या रुग्णांत याच भागातून होणारा बायकार्बोनेटचा स्राव निरोगी व्यक्तींपेक्षा कमी असल्याचे दाखवले. जिवाणूचे निर्मूलन केल्यावर तो पूर्ववत होतो, हे पुढे १९९६ साली दिसून आले.

आम्ल की पेप्सीन?

‘आम्ल नाही तर व्रण नाही’ हे सूत्र क्रोएशियन शल्यचिकित्सक कार्ल श्वार्ट्झ यांनी १९१० साली मांडले. त्याचा प्रभाव इतका होता की पेप्सीनचा विचार अनेक दशके मागे पडला. वस्तुतः १९४२ साली शिफ्रिन आणि वॉरेन यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांत केवळ आम्लापेक्षा आम्ल आणि पेप्सीन एकत्र असताना आतड्याला होणारी इजा पुष्कळ अधिक असल्याचे आढळले होते. (हे वॉरेन आणि पुढे जिवाणूच्या शोधात येणारे वॉरेन वेगळे.) ब्रिटनमध्ये डब्ल्यू. एच. टेलर यांनी जठररसातील पेप्सीनचे निरनिराळे प्रकार वेगळे केले. त्यांतील ‘पेप्सीन १’ हा प्रकार श्लेष्म्याचे विघटन अधिक करतो आणि व्रणाच्या रुग्णांत त्याचे प्रमाण जास्त असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेत मायकेल सॅम्लॉफ यांनी रक्तातील पेप्सिनोजेनचे दोन गट मोजण्याची पद्धत विकसित केली आणि ग्रहणी व्रणाच्या अनेक रुग्णांत पहिल्या गटाचे प्रमाण वाढलेले आढळले. काही कुटुंबांत ते पिढ्यान्पिढ्या वाढलेले दिसल्यामुळे १९७९च्या सुमारास ही आनुवंशिक खूण आहे असे मानले गेले. नंतर असे लक्षात आले की घरातील माणसे जनुके वाटून घेतात तसा जिवाणूही वाटून घेतात, आणि जिवाणूमुळे होणाऱ्या जठरशोथानेही पेप्सिनोजेन वाढते. आनुवंशिकतेचा पुरावा म्हणून मांडलेली ती आकडेवारी त्यामुळे बरीच दुबळी झाली.

पेप्सीनला थेट रोखणारी औषधेही शोधली गेली. जपानमध्ये हमाओ उमेझावा यांच्या प्रयोगशाळेत १९७०च्या सुमारास मिळालेले पेप्स्टॅटिन काचपात्रात पेप्सीनला अत्यल्प मात्रेत निष्प्रभ करते, तरीही रुग्णोपचारात त्याला स्थान मिळाले नाही. ज्येष्ठमधापासून तयार केलेले कार्बेनॉक्सोलोन काही काळ वापरात होते, परंतु त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. सुक्रॅल्फेट मात्र टिकून राहिले. ते व्रणाच्या तळाला चिकटते आणि आम्ल-पेप्सीनला तेथे पोहोचू देत नाही. खरा बदल आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी घडवला. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९७६ साली सिमेटिडीन बाजारात आले आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल. ही औषधे पेप्सीनलाही अप्रत्यक्षपणे निकामी करतात, कारण आम्ल नसेल तर पेप्सिनोजेन सक्रियच होत नाही. ‘आम्ल की पेप्सीन’ हा वाद व्यवहारात मिटला तो असा. शास्त्रीय दृष्ट्या तो आजही पूर्ण मिटलेला म्हणता येत नाही.

झोलिंजर आणि एलिसन यांनी १९५५ साली वर्णन केलेल्या विकारात गॅस्ट्रीन सोडणाऱ्या गाठीमुळे आम्लाचा पूर येतो आणि जिवाणू नसतानाही ग्रहणीत, अगदी त्याच्या पुढील आतड्यातही, व्रण होतात. पाचकरस पुरेसा प्रबळ असेल तर तो एकटाच भिंतीला पुरून उरतो, हे या दुर्मिळ रोगाने सिद्ध केले.

युरिएज आणि जिवाणू

१९२४ साली केंब्रिज येथे जेम्स मरे लक आणि भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ टी. एन. सेठ यांनी प्राण्यांच्या जठरभित्तीत युरिएज हे विकर असल्याचे प्रसिद्ध केले. युरिएज युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते. जठराला या विकराचा उपयोग काय? आम्लापासून संरक्षणासाठी ते जठरानेच निर्माण केले असावे, असे सर्वांनी गृहीत धरले. एवढेच नव्हे, आयर्लंडमध्ये फिट्झजेराल्ड यांनी १९५०च्या आसपास व्रणाच्या रुग्णांना युरिया पाजून पाहिला. १९५०च्या दशकात प्रतिजैविके दिल्यावर जठरातील युरिएज नाहीसे होते, हे दोन वेगळ्या प्रयोगशाळांतून दाखवले गेले. त्याचा सरळ अर्थ असा होता की विकर जठराचे नाही, तेथे राहणाऱ्या जिवाणूचे आहे. पण एवढ्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाही ही समजूत इतकी पक्की होती की या निष्कर्षाचा पाठपुरावा कोणी केला नाही. सेठ आणि लक यांनी जे मोजले ते बहुधा जिवाणूंचेच काम होते. तसे कळायला साठ वर्षे जावी लागली.

१९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरेन यांना जठराच्या नमुन्यांत सर्पिल जिवाणू दिसले. बॅरी मार्शल यांच्यासह त्यांनी १९८२ साली तो जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला आणि १९८४ साली जठरशोथ व पचनज व्रणाशी असलेला त्याचा संबंध मांडला. मार्शल यांनी त्याच वर्षी जिवाणूचे संवर्धन स्वतः पिऊन पाहिले. या प्रसंगाविषयी एक गैरसमज रूढ आहे: त्यांना व्रण झाला नव्हता, तीव्र जठरशोथ झाला होता. दोघांना २००५ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जिवाणू युरिएजच्या जोरावर आम्लात तग धरतो. आपल्याभोवती अमोनियाचे कवच निर्माण करून तो श्लेष्म्याच्या थरात शिरतो. तो जठराच्या खालच्या भागात वस्ती करतो तेव्हा तेथील दाहामुळे गॅस्ट्रीनचा स्राव वाढतो आणि सोमॅटोस्टॅटिन हे आवर घालणारे संप्रेरक घटते. परिणामी वरच्या, निरोगी भागातून आम्ल व पेप्सिनोजेन अधिक स्रवतात. आम्लाचा हा भार ग्रहणीच्या कंदावर पडतो. तेथील पेशींचे काही पट्टे जठराच्या पेशींसारखे रूप घेतात आणि आता जिवाणूला ग्रहणीतही राहायला जागा मिळते. म्हणजे जिवाणू आणि पाचकरस हे एकमेकांचे पर्याय नसून एकाच साखळीचे दुवे आहेत.

मुंबईतील रेल्वेचा अभ्यास

भारतात ग्रहणी व्रण सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नाही, दक्षिणेत व पूर्वेत तो अधिक आणि पंजाब-राजस्थानकडे कमी, हे स्वातंत्र्यपूर्व काळापासून डॉक्टरांच्या लक्षात आले होते. पण रुग्णालयांतील नोंदींवरून अशी तुलना करणे धोक्याचे असते. कोठे रुग्णालये जास्त, कोठे शल्यचिकित्सक अधिक कुशल, कोठे लोक दुखणे अंगावर काढणारे. मुंबई येथे रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत असलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी ही अडचण ओळखून रेल्वे कर्मचाऱ्यांकडे पाहिले. देशाच्या प्रत्येक प्रांतात रेल्वेचे कर्मचारी होते, त्यांची कामे व वेतनश्रेणी सारख्या होत्या आणि त्यांच्यासाठी एकच वैद्यकीय यंत्रणा होती. १९६४ साली ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा भारतातील पचनज व्रणावरील लेख प्रसिद्ध झाला. फरक मिरची-मसाल्याचा नाही, मुख्य अन्नाचा आणि ते खाण्याच्या पद्धतीचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मल्होत्रा यांची उपपत्ती चावण्याभोवती उभी आहे. कोंड्यासह दळलेल्या गव्हाची पोळी नीट चावल्याशिवाय गिळता येत नाही. चावताना लाळ भरपूर सुटते आणि लाळेतील श्लेष्मा व बायकार्बोनेट अन्नासोबत जठरात उतरतात. रस्सम किंवा ताकात कालवलेला मऊ भात फारसा न चावता घशाखाली जातो. लाळेकडे केवळ पिष्ट पचवणाऱ्या विकराचे वाहन म्हणून न पाहता पुढील पाचकरसांपासून संरक्षण देणारा द्रव म्हणून पाहणे, हे या विचारातील नावीन्य होते.

१९७८ साली त्यांनी मुंबईतील ग्रहणी व्रणाच्या रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. व्रण भरून आल्यावर काही रुग्णांना नेहमीचा भाताचा आहार चालू ठेवण्यास सांगितले, तर इतरांना पंजाबी पद्धतीचा न चाळलेल्या गव्हाचा आहार दिला. पाच वर्षांत भात खाणाऱ्यांपैकी ८१ टक्के रुग्णांत व्रण उलटला, गहू खाणाऱ्यांत तो १४ टक्क्यांत उलटला. रुग्णसंख्या चाळीसच्या आसपास, म्हणजे फार लहान होती. आपण काय खात आहोत हे रुग्णांना उघडच माहीत होते. तरीही फरक मोठा आहे. तुलनेसाठी, १९९३ साली हेन्टशेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या युरोपीय प्रयोगात प्रतिजैविके दिलेल्या रुग्णांत वर्षभरात ८ टक्के व न दिलेल्यांत ८६ टक्के व्रण उलटले होते. दुसऱ्या प्रयोगाने जगभरचे उपचार बदलले. पहिला मात्र थोड्या अभ्यासकांपलीकडे पोहोचला नाही. मोठ्या प्रमाणावर त्याची पुनरावृत्ती व्हायला हवी होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

हुलगे, कोंडा आणि स्निग्ध द्रव्ये

हा धागा पुढे नेला तो ब्रिटिश शल्यचिकित्सक फ्रँक टोव्ही यांनी. त्यांनी म्हैसूर येथील मिशन रुग्णालयात १९५० व १९६०च्या दशकांत काम केले होते. चावण्याऐवजी अन्नातील एखादे द्रव्य संरक्षक असावे, असे त्यांना वाटले. ए. पी. जयराज यांच्यासह उंदरांवर केलेल्या प्रयोगांत व्रण कमी असलेल्या भागांतील काही अन्नपदार्थ, उदाहरणार्थ न चाळलेला गहू, नाचणी, काही भरड धान्ये आणि हुलगे म्हणजेच कुळीथ, यांनी व्रण होण्यापासून संरक्षण दिले. हा गुण पदार्थांतील स्निग्ध भागात असून त्यात फॉस्फोलिपिडे व स्टेरॉले महत्त्वाची आहेत, असे त्यांना आढळले. भाताविषयीचा निष्कर्ष अधिक सूक्ष्म होता. तांदळाच्या ताज्या कोंड्याचे तेल संरक्षक ठरले, पण साठवणीत ते खवट झाले की हा गुण राहत नाही. दोष म्हणजे भाताचा नव्हे, गिरणीत पांढरा करून महिनोन्‌महिने साठवलेल्या तांदळाचा.

मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील केज तालुक्यापासून खाली धाराशिवपर्यंत, ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे हे जुने अन्न आहे आणि भाकरीही चावूनच खावी लागते. म्हणून भाकरी खाणाऱ्याला व्रण होत नाही असे मात्र मानू नये. उंदरांच्या प्रयोगांवरून माणसाच्या ताटाविषयी इतका मोठा निष्कर्ष काढता येत नाही. हे द्रव्य वापरून माणसांवर मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत.

टोव्ही आणि त्यांचे सहकारी मायकेल हॉब्जली यांनी पुढे आणखी एक प्रश्न उपस्थित केला. भारतात जिवाणूचा संसर्ग उत्तर-दक्षिण सर्वत्र विपुल आहे, आणि मुंबईतील १९९०च्या दशकातील रक्तचाचण्यांत तो बहुसंख्य किशोरांत आढळला. मग व्रणाचे प्रमाण प्रांतागणिक का बदलते? जिवाणू व्रण सुरू करतो की सुरू झालेला व्रण भरू देत नाही, असे त्यांनी विचारले. बहुसंख्य तज्ज्ञ जिवाणूलाच प्रमुख कारण मानतात, कारण त्याच्या निर्मूलनानंतर व्रण क्वचितच उलटतो. संसर्ग झालेल्यांपैकी थोड्यांनाच व्रण होतो, ही गोष्ट मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. तेव्हा दुसरे काहीतरी लागतेच, मग ते आम्लाचे प्रमाण असो, जिवाणूची जात असो, तंबाखू असो की ताट.

पाचक गोळ्यांविषयी

औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी ‘पाचक’ पातळ औषधे व गोळ्या यांत बहुधा पेप्सीन, पपईच्या चिकापासून मिळणारे पपेन, बुरशीपासून मिळणारे डायस्टेज किंवा स्वादुपिंडाच्या रसातील पँक्रिएटिन असते. स्वादुपिंडाच्या दीर्घकालीन विकारात पँक्रिएटिनचा उपयोग निश्चित आहे. ग्रहणी व्रण मात्र विकरांच्या कमतरतेने होत नाही; त्यामुळे या औषधांनी तो भरून येण्याचे कारण नाही. ज्या माणसाच्या भिंतीला पेप्सीनच कुरतडत आहे त्याने जेवणानंतर वरून आणखी पेप्सीन घ्यावे, यात काही तर्क नाही.

वेदनाशामक गोळ्यांचा धोका याहून गंभीर आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारखी औषधे सायक्लोऑक्सिजनेज या विकराला अडवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. हे पाचक विकर नव्हे. ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवते आणि श्लेष्मा व बायकार्बोनेटचा स्राव त्यांच्यावर अवलंबून असतो. वेदना थांबते, पण भिंतीचे संरक्षणही कमी होते. ऊसतोड, बांधकाम, हमाली अशी अंगमेहनतीची कामे करणारी माणसे गुडघे-कंबर दुखते म्हणून उपाशीपोटी या गोळ्या घेतात तेव्हा दुखणे आणि भूक दोन्ही एकाच वेळी दाबली जातात. अशा व्रणाला आधी वेदना न होता एकदम रक्तस्रावाने वा छिद्राने तो उघड होऊ शकतो.

निदान आणि उपचार

निदानाची विश्वासार्ह पद्धत म्हणजे दुर्बिणीने केलेली अंतर्दर्शन तपासणी, जिला रुग्ण ‘एंडोस्कोपी’ किंवा ‘दुर्बीण तपासणी’ म्हणतात. त्या वेळी घेतलेला ऊतीचा छोटा तुकडा युरिया व रंगसूचक असलेल्या जेलमध्ये ठेवला की जिवाणूच्या युरिएजमुळे अमोनिया बनून रंग बदलतो. श्वासातून युरिएज मोजण्याची चाचणीही याच तत्त्वावर चालते. ‘ॲसिडिटी’ हे रोगाचे नाव नाही, तक्रारीचे आहे. तिच्या मागे व्रण, अन्ननलिकेचा दाह, पित्ताशयाचा खडा किंवा हृदयविकारही असू शकतो.

जिवाणू आढळल्यास आम्लरोधक औषध आणि किमान दोन प्रतिजैविके एकत्र, साधारणपणे चौदा दिवस दिली जातात. भारतात यातील अडचण जिवाणूच्या प्रतिकाराची आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील अनेक केंद्रांत केलेल्या अभ्यासात ७७.९ टक्के नमुने मेट्रोनिडाझोलला आणि ४४.७ टक्के क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नव्हते. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल सर्रास घेतले जाते, त्याचा हा परिणाम असल्याचे मानले जाते. गोळ्या अर्ध्यावर सोडणे ही या उपचारातील सर्वांत महागडी चूक आहे. एकदा निर्मूलन झाल्यावर मात्र प्रौढांत पुन्हा संसर्ग होणे असामान्य आहे, असे मुंबईतील रुग्णांच्या पाठपुराव्यातून २००० साली दिसून आले.

काळी, डांबरासारखी शौचास होणे, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, किंवा एकाएकी उठून पोट लाकडासारखे कडक करणारी कळ ही रक्तस्राव वा छिद्राची लक्षणे आहेत. छिद्रावर शस्त्रक्रियेला पर्याय सहसा नसतो आणि प्रत्येक तासाचा उशीर जोखीम वाढवतो. युसूफ वडगाव किंवा केज तालुक्यातील कोणत्याही गावातील रुग्णाला अशा वेळी गावातील इंजेक्शनाने दुखणे दाबून सकाळची वाट पाहण्यापेक्षा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ नेणे आवश्यक असते. या भागाला जवळचे वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे आहे. नेताना रुग्णाच्या तोंडाने पाणी, दूध वा सोडा काहीही देऊ नये, कारण पोटात जाणारा प्रत्येक घोट पाचकरसासह त्या छिद्रातून उदरपोकळीत उतरतो.